सोन्या हाकेला वळत नव्हता

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, फक्त आवाज थोडा मोठा करा.

दर वेळी आम्ही बचतीचं, कर्जाचं, परतफेडीचं बोलतो. आज एका लेकराचं सांगणार आहोत. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला सोन्या म्हणू. सोन्याची आई आमच्या गटातलीच आहे. आज ती आमच्या शेजारीच बसली आहे. "माझं सांगितल्यानं दुसरीचं एक वर्ष वाचणार असेल तर सांगा," असं ती म्हणाली, म्हणून हे बोलणं.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. निम्मं गाव दिवाळी झाली की ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, कारखान्याच्या भागात कोपी घालायची आणि उन्हाळ्यात परतायचं. सोन्याचे आईबापही जायचे आणि सोन्याला सोबत न्यायचे.

दीड वर्षाचा असताना सोन्या "मम" म्हणायचा, "पापा" म्हणायचा. दोन वर्षांचा होईतो ते शब्दही गेले. हाक मारली तर वळायचा नाही. पण दूर कुठे ट्रॅक्टर वाजला की कानावर हात ठेवून ओरडायचा. पाणी हवं असलं तर बोट दाखवायचा नाही. आईचं मनगट धरून तिला माठापाशी ओढत न्यायचा. बाकीची पोरं बाहुला-बाहुली खेळायची, हा उसाच्या कांड्या एका ओळीत मांडत बसायचा. एखादी कांडी कुणी हलवली तर तासभर रडायचा.

आईला तेव्हाच खटकलं होतं. तिने आम्हाला विचारलं. आम्ही काय सांगितलं? "अगं, पोरगे उशिरानंच बोलतात. त्याचा चुलता चार वर्षांचा झाल्यावर बोलला. उगं काळजी करू नको." आम्ही तिला धीर द्यायलाच बोललो होतो, पण त्या धीरापायी दोन हंगाम गेले. अंगणवाडीत तपासणीचं पथक यायचं तेव्हा सोन्या कारखान्यावर असायचा, नाहीतर आईच त्याला न्यायची नाही. आम्हीच म्हटलं होतं ना, काही नाही म्हणून.

दुसऱ्या हंगामावरून ते परतले, तेव्हा तो पावणेचार वर्षांचा होता. आई त्याला घेऊन बैठकीला आली. आम्ही हजेरी घेऊन बचत गोळा करत होतो. कुणाचा तरी मोबाईल मोठ्याने वाजला आणि सोन्या किंचाळायला लागला, जमिनीवर डोकं आपटायला लागला. आमच्यातलीच एक बोलून गेली, "असं लेकरू बैठकीला कशाला आणतीस? जरा वळण लाव की." बाकीच्या आम्ही गप्प बसलो.

त्या दिवसापासून ती बैठकीला यायची बंद झाली. बचतीचे पैसे सासूच्या हाती पाठवायची आणि गैरहजेरीचा दहा रुपये दंडही सोबत पाठवायची. अकरा बैठका असं चाललं. महिन्याचे हिशेब जुळवताना आम्हाला दिसलं की दंडाच्या डब्यात सगळ्यात जास्त पैसे तिचे आहेत. एकशे दहा रुपये. तेव्हा आमच्या लक्षात आलं, आपणच तिला घरी बसवलं आणि वर दंडही घेतला.

आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "सासू म्हणती, पोटात असताना गिराण पाळलं नाही म्हणून झालं. नवरा म्हणतो, तू मोबाईल देतीस म्हणून झालं. गाव म्हणतं, लेकरू येडं हाय. तुम्ही काय म्हणायला आलात?" आम्ही आधी माफी मागितली. मग विचारलं, आता काय करायचं?

मैत्रिणींनो, इथून पुढचं नीट ऐका. जवळ पेन असेल तर लिहून घ्या.

पहिली पायरी आपल्या अंगणवाडीची आहे. गरोदरपणी मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड आपण लसीकरण संपलं की पेटीत टाकून देतो. त्या कार्डात बाळाने कोणत्या वयात काय करायला हवं ते चित्रांसह दिलेलं असतं आणि धोक्याच्या खुणाही असतात. वर्षाचं बाळ बडबडत नाही, टाटा करत नाही, बोट दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडून बोलत नाही. नावाने हाक मारली तर बघत नाही. आणि कोणत्याही वयात आधी येत असलेले शब्द किंवा खेळ बंद होतात. यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही. याचा अर्थ लेकराला स्वमग्नताच आहे असा होत नाही. कदाचित कानाने कमी ऐकू येत असेल, कदाचित आणखी काही असेल. म्हणूनच तपासायचं.

स्वमग्नता म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ती. तो वेडेपणा नाही, बाहेरची बाधा नाही. मेंदूची वाढ वेगळ्या रीतीने झालेली असते. त्यामुळे बोलणं, दुसऱ्याशी जोडून घेणं, आवाज, उजेड, स्पर्श सोसणं लेकराला अवघड जातं. ती ग्रहणाने होत नाही, आईच्या लाडाने होत नाही, मोबाईलनेही होत नाही. लेकराशी जास्त बोलता यावं म्हणून मोबाईल कमी करावा हे खरं, पण दोष आईच्या माथी मारू नका. लसीमुळेही होत नाही. 1998 साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने लसीवर तसा आळ घेणारा लेख छापला होता. त्यातलं लिखाण खोटं ठरलं आणि 2010 मध्ये त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. तेव्हा लस चुकवू नका.

आम्ही अंगणवाडी ताईंकडे गेलो. त्यांनी सांगितलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि शाळेत एकदा. 2013 साली सुरू झालेला हा कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि वाढीतला उशीर शोधणं हे त्यांचं कामच आहे. आपल्या भागातल्या बायांनी इथे एक करायचं. पथकाची तारीख आधी विचारून घ्यायची. हंगामाला जायच्या आत तपासणी झाली नाही, तर ग्रामीण रुग्णालयात जाऊन पथकाला भेटायचं. लेकरू गावात नव्हतं म्हणून त्याची नोंद राहून जाऊ द्यायची नाही.

पथकाच्या डॉक्टरताईंनी सोन्याला तपासलं आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली. त्याला डीईआयसी म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, कानाची तपासणी करणारे, बोलायला शिकवणारे, मानसतज्ज्ञ असे सगळे मिळून लेकराला बघतात. आपल्याला वेगवेगळ्या दवाखान्यांत हिंडावं लागत नाही.

जाण्याआधी आम्ही एक काम केलं आणि त्याचा फार उपयोग झाला. गटातल्या एकीची मुलगी दहावीला आहे. तिने पंधरा दिवस वहीत लिहून घेतलं. सोन्या किती वेळ झोपला, काय खाल्लं, कशाने रडला, कशाने शांत झाला, हाक मारल्यावर दहा वेळांत किती वेळा वळला. दोन छोटे व्हिडिओही काढले. दवाखान्यात नव्या जागी लेकरू बावरतं, आईची बोबडी वळते. तिथे ती वही बोलते.

पहिल्या फेरीचं भाडं आम्ही दंडाच्या डब्यातून दिलं. कर्ज म्हणून नाही. तो निम्मा डबा तिचाच होता. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहेच. दर फेरीला गटातली एक जण सोबत गेली. एकटीने लेकरू सांभाळायचं, केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं आणि डॉक्टर काय म्हणतात ते लक्षात ठेवायचं, हे होत नाही.

तपासणी एका दिवसात झाली नाही. चार फेऱ्या झाल्या. आधी कान तपासले. आम्हाला वाटलं, याला तर ट्रॅक्टर लांबून ऐकू येतो, मग कान कशाला? डॉक्टर म्हणाले, काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत असं असू शकतं, म्हणून ही तपासणी सोडायची नसते. कान चांगले निघाले. मग मानसतज्ज्ञ ताईंनी सोन्याला खेळताना बघितलं आणि आईला खूप प्रश्न विचारले. आपल्या देशात स्वमग्नता मोजायची चाळीस मुद्द्यांची एक पट्टी आहे. इसा म्हणतात तिला. ती तीन वर्षांपुढच्या मुलांना लावतात.

शेवटी त्यांनी सांगितलं, मध्यम स्वमग्नता आहे. आई तिथेच पायरीवर बसली आणि रडली. आमची सोबतीण तिच्याजवळ बसून राहिली. थोड्या वेळाने आईच म्हणाली, "चला, निदान कळलं तरी. माझं चुकलं नव्हतं."

गावात आल्यावर दुसरंच निघालं. कुणीतरी सोन्याच्या बापाला सांगितलं, शहरात एक जण सहा महिन्यांत लेकरू पूर्ण बरं करून देतो, साठ हजार लागतील. बाप गटाकडे कर्ज मागायला आला. रात्री उशिरापर्यंत बैठक चालली. बापाला नाही म्हणणं सोपं नव्हतं. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. आम्ही ठरवलं की आधी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारायचं. ते म्हणाले, स्वमग्नता घालवणारं औषध नाही. झोप, झटके, फार चिडचिड यांवर गरज पडली तर औषध देतात, पण लेकरू पुढे जातं ते शिकवण्याने, सरावाने आणि घरच्यांच्या साथीने. हमी देणाऱ्यापासून लांब राहा. ते साठ हजार आम्ही दिले नाहीत. बाप महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

मग दिवाळी आली. मुकादम दारात. केंद्रात तर पंधरा दिवसांतून एकदा यायला सांगितलेलं. कोपीवरून ते कसं जमणार? घरात भांडणं झाली. अखेर बाप अर्धा कोयता म्हणून एकटा गेला, आई मागे राहिली. उचल निम्मी झाली. हे सोपं होतं असं आम्ही म्हणणार नाही. त्या वर्षी त्यांच्या घरात नवे कपडे आले नाहीत. गटाने तिला अंतर्गत कर्जातून दोन शेळ्या घेऊन दिल्या, आणि परतफेड शेळ्या विल्यावर सुरू करायची असं ठरावात लिहिलं.

केंद्रातल्या ताईंनी आईला घरी करायचं शिकवलं. सोन्याच्या डोळ्यांसमोर बसायचं. लांब वाक्य नाही, एकच शब्द. पाण्याचा पेला आणि दुधाची वाटी दोन्ही दाखवायचं, "पाणी? दूध?" म्हणायचं आणि मग थांबायचं. आपल्याला घाई असते, आपण लगेच देऊन टाकतो. थांबायचं. दिवसाचा क्रम चित्रांत लावायचा: अंघोळ, भाकरी, शेळ्या, झोप. पुढे काय होणार ते कळलं की सोन्याचं रडणं कमी झालं. आजी ग्रहणाचं बोलायची ना, ती आता चित्रं दाखवायला पुढे असते.

सहा वर्षांचा झाल्यावर शाळेचा प्रश्न आला. आई दाखला घ्यायला गेली तर उत्तर मिळालं, "बाई, याला सांभाळायला आमच्याकडे माणूस नाही. याला वेगळ्या शाळेत घाला." ती परत आली. पण आता ती एकटी नव्हती.

कायदा काय म्हणतो ते आम्ही समजून घेतलं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एकवीस प्रकारची दिव्यांगता मानतो, त्यात स्वमग्नता आहे. या कायद्याने शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगता असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. पसंती आपली, शाळेने ढकलायचं नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. आमच्या गटातल्या दोघी त्या समितीत आहेत. एरवी सही करून यायच्या. या वेळी त्या बोलल्या. भांडल्या नाहीत. लेखी अर्ज दिला, तपासणीचे कागद जोडले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तोंडी मागितलं की तोंडीच नाही म्हणतात. कागद दिला की उत्तर द्यावं लागतं. सोन्याचं नाव दाखल झालं.

नाव दाखल झालं म्हणजे काम झालं असं नाही. अर्जात आम्ही असंही लिहिलं होतं की गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवा. समग्र शिक्षा अभियानात ते शिक्षक असतात. ते आले. गुरुजी, आई आणि ते एकत्र बसले आणि सोन्याने या वर्षात काय शिकायचं, वर्गात कशी मदत करायची, हे लिहून काढलं. त्यात मोठा खर्च कुठलाच नाही. त्याची जागा भिंतीकडेला, दारापासून लांब. घंटेच्या आधी त्याला खूण करायची. पोषण आहाराच्या ताटांचा खणखणाट सोसत नाही, म्हणून पाच मिनिटं आधी वाढायचं. फार गोंधळला तर व्हरांड्यात थोडं बसू द्यायचं. वर्गातल्या पोरांना सांगायचं, याला शब्द कमी येतात पण हा तुमच्यासारखाच आहे. आणि मारायचं नाही. शाळेत मारणं शिक्षण हक्क कायद्यानेच बंद आहे, मग लेकरू कोणतंही असो.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही सांगतो. सेवा केंद्रातून ऑनलाइन अर्ज करायचा, रुग्णालयातली तपासणी झाली की प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळतं. मूल लहान असेल तर ते ठराविक मुदतीचं मिळू शकतं, म्हणून मुदत बघून ठेवा. ते कार्ड असलं की शाळेतले मदतनीस आणि प्रवास भत्ते, निरामय आरोग्य विम्याचं एक लाखापर्यंतचं संरक्षण, यांसाठी अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत विचारा, यंदा ते कशावर खर्च केले? पण कार्ड येईपर्यंत लेकराला घरी बसवू नका. शाळेतला प्रवेश आणि घरचा सराव कार्डासाठी थांबत नाही.

आपण दशसूत्री तोंडपाठ म्हणतो. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, लेखे. त्यापुढे आरोग्य आहे, शिक्षण आहे, पंचायतीतला सहभाग आहे, शासकीय योजना आहेत. खरं सांगतो, आम्ही पहिली पाच सूत्रं पाळायचो आणि पुढची नुसती म्हणायचो. सोन्यामुळे ती आम्हाला कळली.

आज सोन्या साडेसहा वर्षांचा आहे. पहिलीत आहे. बारा-पंधरा शब्द बोलतो. बाकीचं चित्रं दाखवून सांगतो. काही दिवस शाळेत छान जातात, काही दिवस आईला अकरा वाजताच बोलावणं येतं. परवा गुरुजींची बदली झाली, आता नव्या बाईंना पुन्हा सगळं समजावायचं आहे. आई वही घेऊन तयार आहे. यंदाही बाप अर्ध्या कोयत्यावर जाणार आहे. लेकरू पुढे किती बोलेल, किती शिकेल, आज कुणी सांगू शकत नाही. पण गेल्या महिन्यात बैठकीत आम्ही हजेरी घेत होतो. आईचं नाव पुकारलं. ती म्हणाली "हजर." आणि शेजारी बसलेला सोन्या वळला, आमच्याकडे बघून म्हणाला, "आई."

आता आमची तुम्हाला विनंती. येत्या बैठकीत हजेरीची वही उघडा. कोणती बाई लेकरामुळे यायची बंद झाली आहे का, ते बघा. असेल तर दंड मागायला नको, तिच्या घरी जा. तिला "होईल ठीक, बोलेल उशिरा" असं सांगू नका. "चल, आपण दाखवून येऊ, मी येते सोबत" असं म्हणा. आमच्या गटाने आता नियम बदलला आहे. लेकराच्या दवाखान्यासाठी किंवा शाळेसाठी कुणी गैरहजर राहिली तर दंड नाही, आणि दंडाचा डबा अशाच फेऱ्यांसाठी राखून ठेवला आहे.

ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी आपल्या गटाच्या ताईंजवळ किंवा अंगणवाडी ताईंजवळ बोलावं.